दांडिया बाजारातील वाचनवर्ग : गोष्ट उलगडून वाचण्याचा सराव

बडोद्याच्या दांडिया बाजारात एका जुन्या वाड्याच्या माडीवर दर शनिवारी दुपारी सहावी ते आठवीच्या मुलांसाठी मराठी वाचनवर्ग भरतो. दोन निवृत्त शिक्षिका तो चालवतात, महिन्याची फी ८०० रुपये आहे आणि एका तुकडीत बारापेक्षा अधिक मुले घेत नाहीत. माझी मुलगी सातवीत आहे. तिची शाळा इंग्रजी माध्यमाची, मैत्रिणींशी बोलणे गुजरातीत आणि मराठी फक्त घरात, त्यामुळे तिचे मराठी सुधारावे एवढ्याच हेतूने आम्ही तिचे नाव घातले. महिन्यातून एकदा पालकांना मागे बसू देतात. तेथे बसून जे पाहिले, त्यावरून भाषेपेक्षाही गोष्ट वाचून घेण्याच्या पद्धतीसाठी हा वर्ग मला मोलाचा वाटला.

‘पाठाची मध्यवर्ती कल्पना लिहा’ हा प्रश्न शाळेत सर्वांनाच येतो आणि त्याचे उत्तर बहुधा गाइडातून पाठ होते. स्वतःहून सांगायची वेळ आली की मुले ‘प्रेम’, ‘प्रामाणिकपणा’, ‘कष्ट’ असा एखादा शब्द पुढे करून मोकळी होतात. असे उत्तर येथे चालत नाही. प्रेमाविषयी ही गोष्ट काय म्हणते, ते पूर्ण वाक्यात सांगावे लागते आणि त्या वाक्याला आधार देणाऱ्या दोन जागा गोष्टीत बोट ठेवून दाखवाव्या लागतात. आधार सापडला नाही, तर वाक्य बदलायचे.

मी बसले होते त्या शनिवारी प्रेमचंदांची ‘ईदगाह’ ही हिंदी कथा चालू होती, ईदच्या जत्रेला गेलेल्या हमीद या गरीब मुलाची. मराठी भाषांतर शिक्षिकांपैकी एकीने स्वतः केलेले आहे आणि ते सहज वाचता येते. वाचन झाल्यावर प्रत्येक मुलाने घटना लहान चिठ्ठ्यांवर लिहिल्या, त्या सतरंजीवर क्रमाने मांडल्या आणि मग एकेक चिठ्ठी उचलून ‘ही काढली तर पुढचे घडेल का?’ असा प्रश्न सुरू झाला. सर्वांत महत्त्वाची घटना म्हणजे हमीदने चिमटा विकत घेतला ती, याबद्दल आधी कोणाचेच दुमत नव्हते. तेव्हा बाईंनी त्याच्या अलीकडची चिठ्ठी उचलली : तव्यावरून पोळ्या काढताना आजीची बोटे भाजतात, हे हमीदला दुकानापाशी आठवते. ती काढल्याबरोबर एक मुलगा म्हणाला, “बाई, मग तो चिमटा घेईलच कशाला? खेळणेच घेईल की.” खिशात जेमतेम तीन पैसे असलेले पोर मिठाई आणि खेळणी सोडून लोखंडी वस्तूंच्या दुकानापाशी का थांबते, याचे कारण त्या एका आठवणीत आहे, हे कोणी न सांगता मुलांना उमगले.

त्याहून चांगली चर्चा मित्रांची खेळणी मोडतात त्या प्रसंगावर झाली. मोहसिनचा मातीचा भिश्ती घरी पोचताच फुटतो, नूरेच्या वकिलाचीही तीच गत होते. ही चिठ्ठी काढली तरी कथानकाला काही धक्का लागत नाही. हमीद घरी येतोच, त्याची आजी अमीना आधी रागावते आणि मग तिचे डोळे भरून येतात. म्हणून बहुतेकांनी ती बिनमहत्त्वाची ठरवली. मग त्यांनी आपापली मध्यवर्ती कल्पना पुन्हा वाचली, तेव्हा ‘क्षणाच्या हौसेपेक्षा दुसऱ्याची गरज ओळखून घेतलेली वस्तू टिकते’ असे लिहिणाऱ्या मुलीला तीच चिठ्ठी आधाराला हवी होती. कथानकाला नको असलेली घटना आशयाला हवी असू शकते, हा बारकावा अकरा-बारा वर्षांच्या मुलांनी स्वतः शोधून काढावा, याचे मला अप्रूप वाटले. आमच्या वेळी कोणी असे शिकवले नव्हते.

‘श्यामची आई’मधील पोहण्याचा प्रसंगही याच रीतीने घेतला गेला. पाण्याला भिऊन लपलेल्या श्यामला आई मारून पाठवते आणि नंतर त्याच्या अंगावरच्या वळांना तेल लावते. त्यावर काही मुलांनी आईची शिस्त लिहिली, काहींनी भीती मोडण्याबद्दल लिहिले आणि एका मुलीने मारणे चुकीचेच होते असे ठामपणे मांडले. बाईंनी तिला गप्प केले नाही. आईला स्वतःला काय वाटत होते हे मजकुरातून दाखव, एवढेच सांगितले.

उणिवा आहेत आणि त्या लहान नाहीत. ‘ईदगाह’ १९३३ची, ‘श्यामची आई’ १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेले. उरलेली निवडही साधारण त्याच काळातली. छायाप्रती वाटायच्या म्हणून स्वामित्वहक्क (कॉपीराइट) संपलेले साहित्य घेतात, हे कारण रास्त आहे, परंतु मुलांना आजच्या मराठीतील एकही कथा मिळू नये हे बरे नव्हे. शहरात १९१० पासूनचे मध्यवर्ती ग्रंथालय असताना मुलांना तेथून पुस्तके आणायला सांगता येईल. मी हे सुचवले आहे, अजून काही हालचाल दिसली नाही. कवितेचा तास तर अगदीच वेगळा वाटतो. चिठ्ठ्यांची पद्धत कवितेला लागू पडत नाही, तिच्या जागी दुसरे काही शोधलेले नाही आणि शेवटी बाई अर्थ सांगतात, मुले उतरवून घेतात.

शाळेतील गुण वाढावेत या अपेक्षेने मुलांना येथे घालू नये. गृहपाठ नसतो, परीक्षा नसते आणि प्रगतिपुस्तकासारखे काही मिळत नाही. जोडाक्षरे वाचताना अडखळणाऱ्या मुलाला आधी घरी थोडा सराव द्यावा, कारण वाचन मोठ्याने आणि पाळीपाळीने होते व इतर मुले थांबून राहतात. नवी तुकडी जूनमध्ये सुरू होते, मधे प्रवेश मिळत नाही. माडीचा जिना अरुंद व चढा आहे आणि शनिवारी दुपारी गल्लीत गाडी लावायला जागा नसते. मुलांना नाक्यावर सोडून पुढे जावे.