एकॅसची मध्यस्थी: मोफत आणि खरंच कामाची

लेस्टरच्या गोदामातली नोकरी सुटली आणि शिल्लक रजेचे पैसे द्यायला मालकाने चक्क हात वर केले. ओळखीतल्यांनी 'नो विन नो फी' (जिंकलात तरच फी) वकील सुचवला. पण अशा करारात भरपाईचा ३५ टक्क्यांपर्यंत वाटा वकिलाला जाऊ शकतो. मुळात रक्कमच लहान, त्यातून हातात काय उरणार? म्हणून एकॅसकडे, म्हणजे मालक-कामगारांचे वाद मिटवणाऱ्या ब्रिटनमधल्या सार्वजनिक संस्थेकडे गेले. ट्रिब्युनलमध्ये (नोकरीच्या वादांच्या न्यायालयात) दावा लावण्याआधी त्यांना कळवावं लागतंच, आणि फी शून्य.

फॉर्म ऑनलाइन, सोपा. कंपनीचं नाव मात्र पगाराच्या स्लिपवर आहे तसंच लिहा. मध्यस्थ बाईंनी फोनवर सगळं शांतपणे ऐकून घेतलं, माझं म्हणणं मालकापर्यंत पोचवलं. 'तुमचंच बरोबर' असं त्या कधी म्हणणार नाहीत, त्या तटस्थ असतात. सल्ला हवा असेल तर सिटिझन्स ॲडव्हाइस ही मोफत सल्ला देणारी संस्था गाठा.

पैसे मिळाले! पण एक लक्षात ठेवा: सीओटी-३ करारावर (एकॅसमार्फत ठरलेल्या तडजोडीच्या कागदावर) सही नंतर होते, फोनवर अटींना 'हो' म्हटलं की तिथेच बांधले जाता. आधी मजकूर मागवून नीट वाचा. आणि एकॅसला कळवायची मुदत सांभाळा. माझ्या वेळी तीन महिन्यांना एक दिवस कमी होती. मालकाच्या 'पुढच्या महिन्यात बघू'वर अजिबात विसंबू नका.