टायरची आतली बाजू बघितल्याशिवाय पैसे देऊ नका

गोव्यात ॲक्सेसरीजच्या दुकानांतून गाडीची चाकं मोठी करून देण्याचा धंदा सध्या जोरात आहे. चाक मोठं करण्यात मुळात वाईट काही नाही. पण त्या निमित्ताने जुने टायर, कमी ताकदीचे टायर आणि गाडीला नीट न बसणारे रिम कसे गळ्यात मारले जातात, ते मी सोसलंय. म्हणून सविस्तर लिहितोय. प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे, त्यामुळे दुकानाचं नाव देत नाही.

माझ्या हॅचबॅकला कंपनीचे १८५/६५ आर १५ टायर होते. २०२४ च्या मे महिन्यात, पावसाआधी मागचे दोन बदलून घ्यावेत म्हणून गेलो. दुकानदाराने सतरा इंची अलॉय, म्हणजे मिश्रधातूचे ओतीव रिम, आणि त्यावर २०५/४५ आर १७ टायर असा पूर्ण सेट समोर मांडला. गाडी रस्त्याला चिकटून चालेल, आरामात काडीचा फरक पडणार नाही, मायलेजही तेच, असं छातीठोक सांगितलं. खड्ड्यांचं काय, असं विचारलं तर म्हणाला, "पात्रांव, कांयच जावचें ना," म्हणजे शेठ, काहीच होणार नाही. जुनी चारही चाकं आठ हजारांना धरून त्याने ठेवून घेतली आणि वरचे सहासष्ट हजार मी यूपीआयने भरले. बिल मागितलं तर म्हणे २८ टक्के जीएसटी वर लागेल, उगाच कशाला? हातात आला तो कोटेशनचा कागद. त्यावर 'अलॉय सेट, टायर सेट' एवढंच. ना साइज, ना टायरचे नंबर.

त्याच्या बोलण्यात अर्धं खरं होतं, आणि माणूस फसतो तो त्या अर्ध्यावरच. १८५/६५ आर १५ म्हणजे टायरची रुंदी १८५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची त्याच्या ६५ टक्के, म्हणजे साधारण १२० मिलिमीटर, आणि रिम १५ इंची. २०५/४५ आर १७ मध्ये हीच भिंत ९२ मिलिमीटरवर येते. चाकाचा एकूण व्यास मात्र जवळपास तेवढाच राहतो, ६२१ च्या जागी ६१६ मिलिमीटर. त्यामुळे स्पीडोमीटरमध्ये फारसा फरक पडत नाही, आणि "सगळं तेच आहे" असं सांगायला दुकानदार मोकळा. पण खड्ड्याचा पहिला धक्का झेलते ती हीच रबराची भिंत आणि तिच्यातली हवा. तीच २८ मिलिमीटरने कमी झाली. उरलेला धक्का रिम, सस्पेन्शन आणि मागे बसलेल्यांची पाठ यांच्या वाट्याला जातो.

हँडलिंग सुधारतं हेही खरं. भिंत आखूड असली की वळणावर ती कमी दुमडते, स्टिअरिंग फिरवल्याबरोबर गाडी वळते. दुकानदाराने मला चक्कर मारायला नेलं ते महामार्गाच्या गुळगुळीत पट्ट्यावर. तिथे गाडी खरोखरच छान वाटली. आमच्या डिचोलीच्या बाजूचे, खनिजाच्या ट्रकांनी उखडलेले रस्ते त्या चकरीत नव्हते. शिवाय त्या अलॉयचं एकेक चाक जुन्या चाकापेक्षा हाताला जड लागत होतं. चाकाचं वजन स्प्रिंगच्या खाली असतं. जड गमबूट घालून पळताना पाय जसा वेळेवर उचलत नाही, तसं जड चाक उंचवट्यावर उडालं की सस्पेन्शनला ते पटकन खाली आणता येत नाही.

पहिल्याच आठवड्यात आई मागे बसून साखळीला गेली आणि उतरताना म्हणाली, "रे, गाडीचं काहीतरी बिघडलंय, दाखव कुणाला तरी." तिच्या कमरेचं दुखणं जुनं आहे. मी दुकानदाराला फोन केला. त्याने सांगितलं, हवा २६ ठेवा, मऊ चालेल. या सल्ल्याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. आखूड भिंतीच्या टायरला हवा कमी पडली की खड्ड्यात रिमची कड आणि रस्ता यांच्यामध्ये रबर चिरडतं. टायरचा धंदा करणाऱ्याला हे ठाऊक नसेल यावर माझा विश्वास नाही. तेवढ्या वेळेपुरतं गिऱ्हाईक गप्प बसावं, एवढंच त्याला हवं होतं.

गणेश चवथीच्या सुमारास बाणस्तारीजवळ पाण्याने भरलेला खड्डा दिसला नाही. पुढच्या टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगा आला, म्हणजे आतले धागे तुटले. रिमची आतली कडही तडकली. पत्र्याचं रिम अशा वेळी बहुधा वाकतं, ओतीव अलॉयला तडा जाऊ शकतो.

फोंड्याच्या अलाइनमेंटवाल्याने गाडी रॅम्पवर चढवली आणि बॅटरीच्या उजेडात टायरची आतली बाजू दाखवली. डीओटी या अक्षरांच्या ओळीच्या शेवटी लंबगोलात चार आकडे होते, १४१९. म्हणजे २०१९ सालचा चौदावा आठवडा. पाच वर्षं पडून राहिलेले टायर मला नवे म्हणून विकले होते. तारखेचे आकडे बहुतेक टायरवर एकाच बाजूला असतात. चारही टायरची ती बाजू आत, गाडीखाली गेली होती. चारही वेळा हे आपोआप घडलं, असं मी मानत नाही. बाहेरून टायर पॉलिशने चमकत होते आणि रबराचे बारीक केस तसेच होते. तेच केस दाखवून त्याने "बघा, कोरा माल" म्हटलं होतं. न वापरलेल्या टायरवर ते केस कितीही वर्षं राहतात, त्यावरून वय कळत नाही. रबर मात्र आतून कडक होत जातं. तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या गोव्यात ओल्या रस्त्यावर ब्रेक मारताना ते कळतं, त्यात टायर रुंद असला तर पाण्यावर तरंगण्याचा धोका आणखी वाढतो.

साइजच्या पुढे ८४ लिहिलं होतं. कंपनीच्या टायरवर ८८ होतं. ८८ म्हणजे एक टायर ५६० किलो भार पेलतो, ८४ म्हणजे ५००. त्याने टायर लगेच फुटत नाही, पण पाच माणसं आणि सामान घेऊन चोर्ला घाट चढताना कंपनीने जी राखीव ताकद धरलेली असते, ती गेली. त्याच साइजचा जास्त भाराचा, ८८ चा टायर मिळतो, पण तो महाग. ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग का थरथरत होतं, तेही तिथेच कळलं. बाजारातल्या अलॉयचं मधलं भोक अनेक गाड्यांना बसावं म्हणून मोठं ठेवतात. फट भरायला हब रिंग लागते, ती घातलीच नव्हती.

कुणाला चाक मोठं करायचंच असेल तर आधी त्याच गाडीच्या वरच्या व्हेरियंटला कंपनी काय देते ते बघा. १८५/६५ आर १५ वाल्या काही हॅचबॅकना वरच्या व्हेरियंटमध्ये १९५/५५ आर १६ येतात. तिथे भिंत १०७ मिलिमीटर राहते, आणि गोव्याच्या रस्त्यांवर माझ्या मते तिथेच थांबावं. टायर रिमवर चढवण्याआधी दोन्ही बाजूंचे आकडे वाचा, फोटो काढा. हवेचं प्रमाण दुकानदाराला विचारू नका, ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर असतो. तो कंपनीच्या साइजसाठी असतो, म्हणून टायर-रिमची साइज बदलली असेल तर भाराच्या आकड्याप्रमाणे हवा किती लागेल ते जाणत्या टायरवाल्याकडून ठरवून घ्या. जुनी चाकं तर त्याच दिवशी देऊच नका. दोन पावसाळी रस्ते फिरून बघा, मग द्या. जीएसटीच्या भीतीने बिल सोडू नका. सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवर १८ टक्केच लागतो.

दुकानदाराने हात वर केले, "खड्ड्यात तुम्ही घातली, वॉरंटीत बसत नाही." मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, मग जिल्हा ग्राहक आयोगाकडे गेलो. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही, आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. पक्कं बिल नव्हतं, तरी यूपीआयची नोंद, व्हॉट्सॲपवर त्याने स्वतः लिहिलेलं "ब्रँड न्यू टायर" आणि रॅम्पवर काढलेला १४१९ चा फोटो मी जोडलाय. असा कच्चा कागद ज्यांच्याकडे असेल, त्यांनी तो फेकू नये. गाडी रॅम्पवर चढवून आधी आतली बाजू बघून घ्यावी.