काट्याकडे बघत राहिलो, सुंभाकडे नाही

गटारीच्या आधीचा रविवार. सासूबाई कणकवलीहून आलेल्या, पोरगी घरात, आणि मला कुठून बुद्धी सुचली कोण जाणे, म्हटलं आज चिंबोऱ्या मी आणतो. एरवी हे खातं बायकोचं. ती मालवणी, मी साताऱ्याकडचा. आमच्याकडे खेकडा म्हणजे पावसाळ्यात ओढ्याला दगडाखाली हात घालून काढायचा, काळा, मूठभर. खाडीची चिंबोरी मला खाता येते, घेता येत नाही, हे त्या दिवशी अडीच हजार रुपये मोजून कळलं.

बाजाराचं नाव लिहीत नाही. नेरूळहून स्कूटरने पंधरा मिनिटं, एवढं पुरे. एकाच्या लबाडीपायी तिथं भल्या पहाटेपासून पाटी मांडून बसणाऱ्या बायकांच्या धंद्याला बट्टा नको.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद. पापलेट-सुरमई दिसते ती बर्फातली, त्यामुळे श्रावणाआधीचा शेवटचा रविवार म्हटलं की सगळे जिवंत मालावर तुटून पडतात. मीही पडलो. एका माणसाच्या टबात चांगल्या पंजाएवढ्या चिंबोऱ्या, नांगे काथ्याच्या सुंभाने करकचून बांधलेले, वरून तो दर मिनिटाला मगाने पाणी मारतोय. भाव चौदाशे. "अमावास्या आलीय साहेब, सगळ्या भरलेल्या." हे खोटं नव्हे, लोक असंच मानतात, अंधाऱ्या पंधरवड्यातली चिंबोरी भरलेली आणि चांदण्यातली पोकळ. सासूबाईंनीही निघताना तेच सांगितलं होतं. बाराशेवर तोडलं.

आता माझी हुशारी बघा. मी काटा तपासला. वर शिक्का आहे का पाहिलं, होता. रिकामा असताना शून्य दाखवतो का पाहिलं, दाखवत होता. टोपली ठेवल्यावर त्याने पुन्हा शून्य केलं. सहा चिंबोऱ्या मी स्वतः निवडल्या, पांढऱ्याशुभ्र पोटाच्या, चकचकीत. दोन किलो शंभर ग्रॅम. पोरीने काट्यावरच्या टोपलीचा फोटो काढला, कारण त्यातल्या एकीच्या उजव्या नांग्याचं टोक तुटलेलं होतं आणि तिला त्याची दया आली होती. "पिशवी देतो," म्हणून तो टोपली घेऊन टेबलाखाली वाकला आणि दुहेरी काळी पिशवी गाठ मारूनच वर आली. पंचवीसशे वीस झाले, वरचे वीस त्याने सोडले. मी खूश.

घरी पिशवी सिंकमध्ये उपडी केली तेव्हा पहिला वास आला. सहापैकी एक मेलेली होती, आणि अर्ध्या तासापूर्वीची नव्हे. उचलली की पाय लोंबत होते. चिंबोरी मेली की तिचं मांस फार भराभर खराब होतं, म्हणून तर ती जिवंत घ्यायची असते. सासूबाईंनी हात न लावता सांगितलं, टाका. मग पोरगी म्हणाली, "बाबा, आपली तुटकी कुठाय?" पाचांत नव्हती, मेलेलीही ती नव्हती. फोटो पाहिला. फोटोत ती समोरच बसलेली.

तोपर्यंत सासूबाईंनी सुंभ कापायला घेतला होता. एकेका चिंबोरीवर सात-आठ वेढे, जाड, चिखल प्यायलेले, पिळले तर पाणी गळेल असे. त्यांनी सहाही सुंभ एका ताटलीत गोळा केले आणि मला विचारलं, "जावयबापू, कुर्ल्यो हाडलात की सुंभ?" कुर्ल्यो म्हणजे मालवणीत चिंबोऱ्या.

बायको केक करते, तिचा ग्रॅमचा काटा घरात आहे. सुंभ भरला तीनशे नव्वद ग्रॅम. बाराशेच्या भावाने चारशे अडुसष्ट रुपये. मला चैन पडेना म्हणून तो बाल्कनीत दोन दिवस वाळवला आणि पुन्हा तोलला. दीडशे ग्रॅम. म्हणजे एकशे ऐंशी रुपयांचा काथ्या आणि दोनशे अठ्ठ्याऐंशी रुपयांचं पाणी, तेही त्याच मगातलं, जे तो माझ्यासमोर मारत होता. मी काट्यावरचा आकडा वाचत होतो, तो काट्यावरच्या मालाला पाणी पाजत होता.

राहिलेल्या पाचांतल्या दोन पोकळ निघाल्या. पाठ उघडली तर आत पाणी आणि राखाडी थलथलीत काहीतरी, लाखेचा, म्हणजे अंड्यांच्या केशरी गराचा, पत्ता नाही. सासूबाईंनी मग मला धडा दिला. चिंबोरी कात टाकते, नवं कवच आधीपेक्षा मोठं असतं आणि ते मांसाने भरायला वेळ लागतो, तोवर आत पाणीच. नवं कवच म्हणून तर पोट पांढरंशुभ्र. मी जी देखणी म्हणून उचलली तीच नेमकी ताजी कात टाकलेली. पोट मळकट, पिवळसर, डाग पडलेलं असलं की समजायचं जुनं कवच, भरलेलं. आणि उलटी धरून पायांच्या मुळाशी अंगठ्याने दाबायचं, दबलं की ठेवून द्यायची. लाखेची हवी तर पोटाची झाकणी रुंद, गोल असते ती मादी घ्यायची, निमुळती त्रिकोणी असते तो नर. पण मादी म्हणजे लाख असेलच असं नाही, दाबून ती पण बघायचीच.

त्या रात्रीचा रस्सा तरीही झाला. बारीक पाय वाटून त्याचं पाणी गाळून घातलं, तीन चिंबोऱ्यांत पाच माणसं जेवली, कुणी फार बोललं नाही.

मंगळवारी मी फोटो आणि वाळका सुंभ घेऊन त्याच्याकडे गेलो. तो अजिबात चिडला नाही, हे मला जास्त लागलं. "साहेब, बांधल्याशिवाय कोण विकतं? माल वरूनच असा येतो. सोडून देऊ का? न्या हातात धरून." आजूबाजूचे हसले. आणि खरंच, मला ती सोडलेली हातात धरायची नव्हती. सगळा खेळ इथेच आहे. जिचा नांगा बोट फोडेल तिचा सुंभ आधी सोड, असं गिऱ्हाईक म्हणत नाही, आणि ते त्याला ठाऊक असतं. अदलाबदलीबद्दल तो एवढंच म्हणाला, "फोटो काय, कुठलाही असतो." पावती नव्हतीच. काटा खोटा असता तर वजनकाटे तपासणाऱ्या वैध मापन शास्त्र खात्याकडे जाता आलं असतं, १९१५ या नंबरावर ग्राहक हेल्पलाइनशी बोलता आलं असतं. पण काटा चोख होता, काट्याची तक्रार काय करणार?

परतताना पलीकडच्या पाटीवरच्या मावशींनी हाक मारली. बहुधा सगळं ऐकलं होतं. "दादूस, मोकली तोलून माग. मंग बांधून देव आमी." म्हणजे आधी सुटी तोलायची, नांगे त्या धरणार, वजन झालं की मग बांधायचं. बांधलेलीच घ्यायची असेल तर तसलाच एक ओला सुंभ वेगळा तोलून तेवढं वजन वजा करायला लावायचं. मला हे सुचलं नव्हतं. त्यांनी हेही सांगितलं की पिशवी आपली न्यायची आणि माल टोपलीतून थेट तिच्यात पाडून घ्यायचा, टेबलाखाली जाऊ द्यायचा नाही. डोळ्याजवळ काडी नेली की जिवंत चिंबोरी डोळा आत ओढते, हे दाखवायला त्यांनी एकीवर काडी धरली. तिने डोळे मिटल्यासारखे आत घेतले आणि तोंडाला फेस आणला.

त्यांच्याकडून चार घेतल्या, मोकळ्या तोलून. एक किलो पन्नास. बारीक सुतळीचे दोन-दोन वेढे, गाठ एक. भाव तेराशे, एक रुपया कमी केला नाही. घरी सासूबाईंनी काही न बोलता सुतळी काढली आणि केकच्या काट्यावर ठेवली. चार ग्रॅम.