भाडेकरू पाहुणे ठेवणार, मग विमा कोणता?

2027 चा सिंहस्थ म्हणजे पंचवटी काय नि गंगापूर रोड काय, नाशिकमध्ये खोलीला भाव येणारच. "काका, ॲपवरून दोन-चार दिवसांचे पाहुणे ठेवले तर चालतील का?" असं भाडेकरूनं विचारलं असेल, तर उत्तर देण्याआधी विम्याचे कागद काढा.

घराचा विमा असेल तर तो बहुधा 'भारत गृह रक्षा'. 2021 पासून सगळ्या कंपन्यांच्या मूळ अटी सारख्याच आहेत. आग, भूकंप, पुरात इमारतीचं नुकसान भरून मिळतं. इमारतीच्या विमा रकमेच्या 20 टक्के, कमाल 10 लाखांपर्यंतचं सामानही त्यात येतं. गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीपर्यंत पाणी चढतं तेव्हा गोदाकाठी काय होतं, हे नाशिककराला सांगायला नको. पण ही पॉलिसी राहत्या घराची. 'इथे लॉजिंग चालतं' असं नुकसान तपासायला आलेल्या सर्व्हेअरनं लिहिलं की क्लेम अडकलाच समजा. चोरीचं तर आणखी विचित्र: आग-पुरासारख्या घटनेमुळे आणि सात दिवसांच्या आत झाली तरच भरपाई. पाहुण्यानं जाताना टीव्ही उचलून नेला तर काही नाही.

दुसरा मार्ग 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा', म्हणजे छोट्या धंद्यांची पॉलिसी, एका ठिकाणच्या 5 कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी. इथे धंदा लपवावा लागत नाही, हा मोठा फायदा. घरफोडीचं कव्हर मात्र वेगळं घ्यायचं, आणि त्यातही सहसा जबरदस्तीनं आत शिरल्याची खूण मागतात. चावी आपणच दिलेली असताना ती कुठून आणणार? बाथरूममध्ये पाहुणा घसरला आणि त्यानं भरपाई मागितली, तर त्यासाठी पब्लिक लायबिलिटी आणखी वेगळी.

ॲपवाले देतात ते संरक्षण यजमानाला, म्हणजे तुमच्या भाडेकरूला. त्यावर घरमालकानं विसंबू नये.

माझं मत विचाराल तर, केवळ सिंहस्थापुरतंच असेल तर सरळ नाही म्हणा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 नुसार करारात मुभा नसेल तर भाडेकरूला पोटभाडेकरू ठेवता येत नाही. वर्षभर चालवायचं असेल तर दुसरा मार्ग, लायबिलिटीसकट. नोंदणीकृत करारात पाहुण्यांचं कलम घाला, जादा हप्ता भाडेकरूकडून घ्या, सोसायटीलाही विचारा. एजंट फोनवर "चालतंय हो" म्हणेल, ते धरू नका. घराचा वापर नेमका कसा होणार ते कंपनीला ई-मेलनं कळवा आणि पॉलिसीवर तसा शेरा लेखी येईपर्यंत पाहुण्यांचं बुकिंग घेऊ देऊ नका.