मास्टर चावीच्या इमारतीसाठी बदलता कोअर: अमेरिकी रचना की युरो प्रोफाइल?

बेळगावच्या टिळकवाडीतील आमच्या सौहार्द सहकारी संस्थेच्या इमारतीत तळमजल्यावर काउंटर आणि व्यवस्थापकांची खोली, पहिल्या मजल्यावर दप्तर, त्यावर भाड्याने दिलेली कार्यालये आणि सर्वांत वर सभागृह आहे. एखादा लिपिक निपाणी किंवा खानापूर शाखेत बदलून गेला आणि त्याच्याकडची चावी जमा झाली नाही, की आजवर अख्खे मॉर्टिस, म्हणजे दरवाजाच्या जाडीत बसवलेले, कुलूप उतरवावे लागे, सुतार बोलवावा लागे आणि सागवानी दरवाजावर आणखी एक ठिगळ चढे. कुलूप जागेवरच ठेवून केवळ चावीचा गाभा, म्हणजे कोअर, बदलता यावा आणि व्यवस्थापकांकडील एका मास्टर चावीने ठरलेले सर्व दरवाजे उघडावेत, एवढीच संचालक मंडळाची अपेक्षा होती. त्यासाठी तपासलेल्या दोन रचनांचे हे परीक्षण आहे.

पहिली रचना अमेरिकी लहान आकाराच्या कोअरची. फ्रँक बेस्ट यांनी सुमारे शंभर वर्षांपूर्वी आणलेल्या या कोअरचा छेद इंग्रजी आठच्या आकड्यासारखा असतो आणि त्यात बहुधा सहा किंवा सात पिना, म्हणजे चावीच्या खाचांनी उचलल्या जाणाऱ्या बारीक खुंट्या, बसतात. मूळ पेटंट केव्हाच संपल्यामुळे अनेक उत्पादक याच मापाचे कोअर बनवतात. मोठ्या आकाराच्या कोअरमध्ये मात्र प्रत्येक कंपनीचे माप निराळे असल्याने ती सोय राहत नाही. नेहमीच्या चावीखेरीज याला एक कंट्रोल चावी असते. ती घालून जेमतेम पंधरा अंश फिरवली की बाजूचा लहानसा खटका आत ओढला जातो आणि पूर्ण कोअर चावीसकट हातात येतो. स्क्रू नाही, पेचकस नाही. पहिल्यांदा पाहणाऱ्याला नवल वाटावे असेच हे काम आहे.

मात्र हीच सोय आम्हाला खटकली. कोअर दरवाजा बंद असतानाही बाहेरून निघतो आणि तो निघाल्यावर आतला भाग साध्या पेचकसाने फिरवता येतो. म्हणजे कंट्रोल चावी ज्याच्या हाती लागली, त्याला मास्टर चावीची गरजच उरत नाही. शिवाय काढलेला कोअर घरी नेऊन पिनांची मापे घेतली, तर संपूर्ण व्यवस्थेचे गणित उलगडते. कंट्रोल चावी तिजोरीत, पाकीटबंद आणि दोघांच्या सहीनेच बाहेर काढायची, एवढी शिस्त जिथे पाळली जाणार असेल तिथेच ही रचना शोभते.

दुसरी रचना युरो प्रोफाइल सिलिंडरची, म्हणजे कुलपातील चावी घालण्याच्या सुट्या नळकांड्याची, जी आपल्याकडील हार्डवेअरच्या दुकानांत सर्रास मिळते. इथे दरवाजाच्या कडेला असलेला एकच स्क्रू सोडवायचा, चावी किंचित फिरवून मधली जीभ सिलिंडरच्या अंगाशी सपाट आणायची आणि सिलिंडर बाहेर ओढायचा. याला थोडा अधिक वेळ लागतो, पण स्क्रूपर्यंत पोहोचायला दरवाजा उघडा असावा लागतो, आणि आमच्या दृष्टीने हा गुणच आहे. माप मात्र डोळ्यांनी ठरवू नये. स्क्रूच्या छिद्राच्या मध्यापासून दोन्ही टोकांपर्यंत वेगवेगळे मोजावे, कारण दरवाजावरील पट्टीच्या बाहेर फार डोकावणारा सिलिंडर पकडून छिद्रापाशी मोडता येतो. तीन मिलिमीटरपेक्षा अधिक भाग बाहेर राहू देऊ नये.

दर्जा पाहायचा तर ईएन १३०३ या युरोपीय मानकाचा आठ जागांचा संकेत मागावा. त्यात दुसऱ्या जागी सहा असेल तर एक लाख वेळा चालवण्याची चाचणी झालेली असते. सहाव्या जागी शून्य असेल तर गंजाची कसोटी घेतलेलीच नसते. खानापूर भागातील पाऊस ज्याने पाहिला आहे, त्याला याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. सातवी जागा चावीच्या सुरक्षेची. उद्यमबागेतील फाउंड्रीची बारीक वाळू आत जाते अशा ठिकाणी तेल सोडू नये, कारण तेलावर वाळू चिकटून पिना अडकतात. ग्रॅफाइटची कोरडी पूड बरी.

आता मास्टर चावीविषयी, कारण विक्रेते यावर फारसे बोलत नाहीत. एकाच सिलिंडरला दोन वेगळ्या चाव्या चालाव्यात म्हणून पिनांच्या मध्ये आणखी एक लहान पिन टाकतात. सहाही घरांत अशी पिन टाकली, तर तो सिलिंडर दोन नव्हे, चौसष्ट वेगवेगळ्या चाव्यांनी उघडू शकतो. २००३ मध्ये मॅट ब्लेझ या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने दाखवून दिले, की एका दरवाजाची साधी चावी, तो दरवाजा आणि थोड्या कोऱ्या चाव्या एवढ्यावर मास्टर चावीचे खाचे शोधता येतात. यावर उपाय म्हणजे कोरी चावी बाजारात सहज न मिळणारे, कार्ड दाखवल्याशिवाय प्रत न निघणारे प्रोफाइल, म्हणजे चावीच्या छेदाचा आकार, घेणे. मास्टरचे थरही कमीत कमी ठेवावेत. ग्रँड मास्टर, मजल्याची मास्टर, विभागाची मास्टर अशी उतरंड कागदावर ऐटबाज दिसते, पण चार मजल्यांना तिचा उपयोग काय?

आम्ही ज्यांच्याकडून दर मागवले, त्यांतील एका विक्रेत्याने पिनांचा तक्ता, म्हणजे कोणत्या सिलिंडरात कोणत्या मापाच्या पिना आहेत याची नोंद, आमच्या स्वाधीन करण्यास नकार दिला. लागेल तेव्हा फोन करा, आम्ही करून देऊ, असे त्याचे म्हणणे होते. दर सर्वांत कमी असूनही आम्ही तो बाजूला ठेवला, कारण तक्ता त्याच्याकडे राहिला तर पुढचा प्रत्येक सिलिंडर त्याच्याकडूनच, तो सांगेल त्या दराने घ्यावा लागला असता. अखेर कार्डवर प्रत मिळणारे युरो प्रोफाइल सिलिंडर, मास्टरचा एकच थर, तक्ता संस्थेच्या ताब्यात आणि त्याच मालिकेतील जादा सिलिंडर कपाटात, असे ठरले. लॉकरची खोली मात्र या व्यवस्थेत घेतलेली नाही. तिची कुलपे पूर्वीप्रमाणेच स्वतंत्र आहेत आणि मास्टर चावी तिथे चालत नाही.