पावसात मेलेला राउटर: आठ महिन्यांनंतर

राउटर घेऊन सहा वर्षं झाली, पण हा अनुभव त्याच्या दुसऱ्या जन्माचा आहे. गेल्या जूनमध्ये फर्मवेअरचं, म्हणजे राउटरच्या आतल्या सॉफ्टवेअरचं, अपडेट चालू असताना वीज गेली आणि तो मेला. घरीच उठवला. त्याला आता आठ महिने होतील. दुकानात 'बोर्ड गेला, नवीन घ्या' असं ऐकून परत आलेल्यांसाठी हे लिहिते आहे.

आमचं घर गोव्यात, म्हार्दोळला, जुनं, चिऱ्यांचं. नवरा बोटीवर. त्याच्याकडे नेट असेल त्या वेळी त्याचा व्हिडिओ कॉल येतो आणि सासूबाई त्याआधी तासभर पडवीत फोन हातात धरून बसतात. माझं काम हिशेबाचं, तेही घरून. म्हणजे या डब्यावर घरात दोघींचा जीव.

चूक माझीच. बाहेर गडगडत होतं, दिवे दोनदा मिचकावले होते, तरी म्हटलं दोन मिनिटांचं काम आहे. अपडेट किती झालं ते दाखवणारी पट्टी अर्ध्याच्या जवळ पोचली आणि काळोख. वीज आली तेव्हा राउटरचे सगळे दिवे एकदम लागायचे, विझायचे, पुन्हा लागायचे. लॅपटॉप वायरने जोडला तर नेटवर्कचा (आयपी) पत्ता मिळाला १६९.२५४ने सुरू होणारा. म्हणजे राउटरने काहीच दिलं नाही, लॅपटॉपने आपणच एक पत्ता लावून घेतला.

फोंड्यातल्या एका दुकानात नेला. त्यांनी प्लग लावला, दिवे बघितले, आणि शेल्फवरचा नवा खोका खाली काढला. एवढ्या झटपट निदान डॉक्टरही करत नाहीत. मी राउटर पिशवीत टाकून घरी आणला.

आता आत काय होतं ते. राउटरमध्ये एक छोटी फ्लॅश चिप असते, माझ्यात १६ एमबीची. तिच्या सुरुवातीला बूटलोडर (वीज आली की आधी उठून फर्मवेअर सुरू करणारा छोटा प्रोग्रॅम), मग फर्मवेअर, आणि अगदी शेवटी त्या एका राउटरपुरती वायफायची कॅलिब्रेशनची, म्हणजे जुळवणीची, माहिती. अपडेट मधल्या भागावर लिहितं. वीज मधेच गेली की हा मधला भाग अर्धा नवा अर्धा जुना राहतो, पण बूटलोडरला सहसा धक्का लागत नाही. बूटलोडर उठतो, फर्मवेअर सुरू करायला जातो, ते कोसळतं, पुन्हा पहिल्यापासून. दिव्यांचा तो खेळ याचाच होता. दिवे असे फिरत असतील तर आशा ठेवा.

माझ्या मॉडेलच्या बूटलोडरमध्ये एक आडवाट आहे. रीसेट दाबून धरून वीज दिली की तो १९२.१६८.०.६६ या पत्त्यावर टीएफटीपी सर्व्हर शोधतो आणि एका ठराविक नावाची फाइल मागतो. टीएफटीपी म्हणजे फाइल पाठवायची साधी पद्धत, १९८१च्या आरएफसी ७८३ या इंटरनेटच्या नियमांच्या कागदातली: ५१२ बाइटचा तुकडा पाठवायचा, पोच आली की पुढचा. पासवर्ड नाही, काही नाही. एवढी बाळबोध आहे म्हणूनच बूटलोडरच्या इवल्याशा जागेत मावते. तुमच्या मॉडेलचा पत्ता आणि फाइलचं नाव वेगळं असेल, आणि एकाच मॉडेलच्या दोन व्हर्जनचंही वेगळं असतं. राउटर उलटा करून खालच्या लेबलवरचं व्हर्जन वाचा, मगच फाइल उतरवा. मी मोबाइलच्या डेटावर उतरवली.

फाइलमध्ये एक मेख होती. कंपनीच्या फाइलच्या नावात 'बूट' हा शब्द असेल तर तिच्या डोक्याशी बूटलोडरही चिकटलेला असतो. तो तसाच पाठवला तर मधल्या भागात भलतंच लिहिलं जातं. माझ्या मॉडेलला सुरुवातीचे ५१२ बाइटचे २५७ ब्लॉक कापावे लागतात. ते डीडी या फाइलचे तुकडे करणाऱ्या कमांडने एका ओळीत होतं. वाचायला दोन तास लागले, कापायला दोन सेकंद.

लॅपटॉपवर टीएफटीपीडी६४ हा टीएफटीपी सर्व्हरचा प्रोग्रॅम घेतला, इथरनेटला तो पत्ता हाताने दिला, मास्क २५५.२५५.२५५.०, वायफाय बंद. आता रीसेटचं भोक. सेफ्टी पिन आत वाकली. पेपरक्लिप जाड. टाचणी घालायची भीती वाटली, आत वीज चालू. शेवटी खराट्यातली एक हीर ओढली, टोक नखाने तोडून सपाट केलं आणि घातली. नेमकी बसली, आतलं बटण 'टक' करून दबलं ते बोटाला कळलं. माडाच्या हिरेइतकं चांगलं अवजार या कामाला मला मिळालेलं नाही.

पहिल्या चार वेळा काहीच झालं नाही. प्रोग्रॅमचा लॉग, म्हणजे नोंदींची यादी, कोरा. अडथळे दोन होते. विंडोजचा फायरवॉल टीएफटीपीचा दरवाजा, म्हणजे यूडीपीचा ६९ नंबरचा पोर्ट, अडवत होता, तो तेवढ्यापुरता बंद केला. दुसरा अडथळा लक्षात यायला उशीर झाला. राउटर चालू होताना लॅपटॉपचं इथरनेट तुटतं आणि परत जुळायला दोन-तीन सेकंद घेतं; राउटर नेमका त्याच वेळात हाक मारून गप्प होतो. माळ्यावर एक जुना पाच पोर्टचा स्विच होता, तो मधे लावला. आता लॅपटॉपची जोडणी स्विचशी, ती तुटतच नाही.

पाचव्या वेळी लॉगमध्ये लाल ओळ आली: फाइल सापडली नाही.

मी खुर्चीत उडीच मारली. सासूबाई आतून म्हणाल्या, "काय गो, झाला?" म्हटलं, नाही, एरर आली. त्यांना माझ्या आनंदाचा अर्थ लागला नाही. पण ती एरर म्हणजे राउटरने फाइल मागितली होती, म्हणजे बूटलोडर जिवंत होता. फाइल सापडली नाही कारण विंडोज फाइलच्या नावाचं शेपूट (एक्स्टेन्शन) लपवतं. मी नाव बदलताना ते 'डॉट बिन डॉट बिन' झालं होतं. एक्स्टेन्शन दाखवायची खूण केली, जादाचं शेपूट काढलं, पुन्हा हीर. फाइल काही सेकंदांत गेली. मग पाच मिनिटं हात मांडीखाली घालून बसले, कारण चिपवर लिहिणं तेव्हा चालू असतं. दिवे एकेक करून लागले आणि लागलेच राहिले.

एवढं करून नेट त्या दिवशी आलंच नाही. सगळी सेटिंग पुसली गेली होती आणि पीपीपीओईचा, म्हणजे नेट कंपनीच्या जोडणीचा, युजरनेम-पासवर्ड माझ्याकडे नव्हता. नेटवाल्यांकडून तो मिळवायला राउटर उठवण्यापेक्षा जास्त वेळ गेला. आता तो स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवला आहे.

बूटलोडरच गेला असता तर हे काहीच चाललं नसतं. मग डबा उघडून चिपला क्लिप लावून थेट लिहायचं. बूटलोडर जिवंत असून ही आडवाट चालली नाही, तर बोर्डवरच्या सीरियल पिनांना यूएसबीची छोटी तार जोडायची, ३.३ व्होल्टची, वेग ११५२०० बॉड. दिराकडे ती तार आहे, वापरायची पाळी आली नाही.

आठ महिन्यांचा वापर कसा? चतुर्थीला घरात चौदा माणसं होती. माटोळीचे (गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या चौकटीचे) फोटो, आरतीचा कॉल, पोरांचे व्हिडिओ, सगळं एकदम. राउटर एकदाही पडला नाही. रेंजची तक्रार जुनीच, ती चिऱ्यांची आहे. ५ गिगाहर्ट्झ एका भिंतीपलीकडे दम तोडतो, देवघराच्या मागच्या खोलीत २.४च चालतो. मी राउटर पडवीतून मधल्या खोलीच्या कपाटावर हलवला आणि २.४चं चॅनल ऑटोवरून ११वर ठोकलं. एवढ्यानेही फरक पडला.

खरा खर्च केला तो विजेवर. १२ व्होल्टचा मिनी यूपीएस घेतला. पहिला स्वस्तातला, १ अँपिअरचा. वीज गेली आणि फोन जास्त जोडलेले असले की राउटर रीस्टार्ट व्हायचा, आणि मी उगाच फर्मवेअरवर संशय घेत बसले. अडॅप्टरवर २ अँपिअर लिहिलंय ते तेव्हा वाचलं. यूपीएस बदलला, त्रास संपला. फायबरच्या डब्यालाही त्यातूनच वीज दिली आहे. तो बंद पडला तर राउटर नुसता जागा राहून उपयोग काय? दोन्ही मिळून माझ्याकडे अडीच-तीन तास निघतात.

डिसेंबरात, पाऊस पूर्ण गेल्यावर, मी मुद्दाम पुन्हा फर्मवेअरला हात घातला. कंपनीकडून या मॉडेलला नवं काही येत नाही आणि सुरक्षेच्या जुन्या भोकांसह तो नेटवर उघडा ठेवणं मला पटत नव्हतं. ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरसाठीचं खुलं फर्मवेअर घातलं. २००४मध्ये सुरू झालेला हा प्रकल्प. नावातलं डब्ल्यूआरटी लिंकसिसच्या डब्ल्यूआरटी५४जी राउटरवरून आलं. या वेळी फाइलचा शा-२५६, म्हणजे फाइल जशीच्या तशी उतरली की नाही ते सांगणारा आकडा, जुळवून पाहिला, यूपीएस भरलेला, आभाळ निळं. दोन मिनिटांत झालं आणि घरातलं वायफाय गायब. सासूबाईंचा चेहरा उतरला: "परत मेला?" मेला नव्हता. ओपनडब्ल्यूआरटीमध्ये वायफाय सुरुवातीला बंदच असतं, वायरने १९२.१६८.१.१वर जाऊन चालू करावं लागतं. हे मला माहीत होतं, त्यांना आधी सांगायला विसरले.

त्याचे तोटेही सांगते. मोठ्या प्लॅनवर या जुन्या प्रोसेसरला मूळ फर्मवेअरइतका वेग काढता येत नाही. आमचा प्लॅन १०० एमबीपीएसचा, तेवढा तो निवांत ओढतो. ५००चा असेल तर माझ्या वाटेने जाऊ नका. आणि सेटिंगचं पान सासूबाईंना दाखवण्यासारखं राहिलेलं नाही. पूर्वी पासवर्ड त्या स्वतः पाहून पाहुण्यांना सांगायच्या, आता मला विचारतात.

हीर रबर लावून राउटरच्या मागेच अडकवून ठेवली होती. परवा झाडताना सासूबाईंनी ती केर समजून टाकून दिली. मी खराट्यातून दुसरी ओढली, टोक तोडलं आणि परत लावली.