हायलाइट (hyalite) ओपल सांगून माथी मारलेली काच

दगड-खनिजं जमवायचा नाद असेल किंवा शुक्रासाठी ओपल घ्यायचा विचार चालू असेल तर हे वाचा प्लीज. माझे साडेसहा हजार गेले, पण माझ्या शब्दावर मावशीनेही घेतला आणि तिचे गेले ते जास्त लागलंय.

मी नाशिकची, झिओलाइट, अपोफिलाइट असं आपल्याकडचं बरंच जमवलंय, हायलाइट मात्र कधी हातात आला नव्हता. हा ओपलचाच प्रकार, पण ओपल म्हटल्यावर जे रंग खेळताना दिसतात ते यात नसतात, पाण्याच्या थेंबासारखा स्वच्छ, बिनरंगी. यूव्ही (अतिनील किरणांचा) टॉर्च मारला की काही हायलाइट हिरवेगार पेटतात, आत युरेनियमचा अगदी सूक्ष्म अंश असतो म्हणून. मेक्सिकोत साकातेकासला २०१३ च्या सुमारास जो सापडला तो तर उन्हातही हिरवट झाक मारतो, तेव्हापासून त्याची क्रेझ आहे.

विकणाऱ्याने व्हिडिओ कॉलवर दिवे बंद करून टॉर्च मारला आणि म्हणाला, ताई, काच असती तर अशी पेटली असती का? बस, मी तिथेच फसले, पैसे लगेच टाकले. आणि मावशीला ज्योतिषांनी ओपल सांगितलाच होता, तर तिलाही त्याच्याकडूनच घेऊन दिला, अंगठीत बसवून.

दोन महिन्यांनी एका ओळखीच्या काकांकडे गेले होते, त्यांना जुनी काचेची भांडी जमवायचा छंद. त्यांच्याकडे परदेशातला एक जुना युरेनियम काचेचा बाऊल आहे, त्यावर माझाच टॉर्च मारला तर डिट्टो तोच हिरवा! पोटात गोळाच आला. काच बनवताना त्यात युरेनियम घातलं की तीही अशीच पेटते, आणि प्रमाण कमी असलं तर दिवसा जवळपास बिनरंगीच दिसते.

घरी येऊन वजन केलं. हे कोणीही करू शकतं, ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा लागतो फक्त. आधी दगडाचं वजन घ्यायचं, माझा ४.६० ग्रॅम भरला. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करायचा आणि दगड दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवायचा, तळाला किंवा कडेला टेकू द्यायचा नाही. आकडा आला १.८३. ४.६० ला १.८३ ने भागलं तर २.५१, म्हणजे दगड पाण्याच्या तितके पट जड. ओपल २.१ च्या आसपास यायला हवा, साधी काच असते २.५ च्या आसपास. तीनदा केलं, तेच. नंतर भिंगातून पाहिलं तर एका कोपऱ्यात गोल गोल बुडबुडे.

मावशीचा अंगठीत बसवलेला, त्यामुळे असं वजन करता येईना, तो लॅबमध्ये दिला. वक्रीभवनांक (प्रकाश आत शिरताना किती वाकतो तो आकडा) १.५२ आला, ओपलचा साधारण १.४५ असतो. रिपोर्टवर सरळ 'काच' लिहून आलं. आणि विकणाऱ्याने आधी दिलेलं सर्टिफिकेट म्हणजे नुसतं छापील कार्ड, त्यावर ना दगडाचं वजन ना फोटो.

फोन केला तर म्हणे नॅचरल दगडात फरक असतोच ताई, आणि मग ब्लॉक.

घ्यायचाच असेल तर पैलू न पाडलेला, मूळ खडकावर चिकटलेला बघा, द्राक्षाच्या घडासारखे फुगीर थेंब असतात, तसा नकली बनवणं अवघड. पैलू पाडलेला असेल तर लॅब रिपोर्ट आधी आणि पैसे नंतर.

कॉलचं रेकॉर्डिंग नाही माझ्याकडे, पण पेमेंटची पावती, पाकीट, चॅट सगळं जपून ठेवलंय आणि ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार केलीय. मावशीचे पैसे मी माझ्याकडून दिले, ती घेत नव्हती, बळंच हातात ठेवले.